गॅम्बिट सोडू नका, पण कोणता खेळायचा ते निवडा

तुमचा बुद्धिबळाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) पंधराशेच्या घरात. गॅम्बिट, म्हणजे डावाच्या सुरुवातीलाच प्यादं देऊन त्याबदल्यात वेळ आणि हल्ला मिळवणं, तुम्हाला आवडतं. पांढऱ्याकडून इव्हान्स गॅम्बिट खेळता आणि काळ्याकडून, समोरच्याने पहिल्या चालीला प्यादं डी४वर आणलं की एंग्लंड गॅम्बिट. काही डाव पंधरा-वीस चालींत संपतात आणि त्यात भारी मजा येते. बाकीचे एक प्यादं खाली राहून साठाव्या चालीपर्यंत रेटता आणि हरता. प्रशिक्षक म्हणतात गॅम्बिट बंद करा. तुमचं मन मानत नाही. सोबत इव्हान्सचा एक डाव दिला आहे, ज्यात तुमचं प्यादं परत मिळालं, वजीर कापले गेले (दोन्हीकडचे पटावरून गेले) आणि तरी तुम्ही हरलात. कुठे चुकलं ते कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय.

माझं उत्तर: इव्हान्स ठेवा, एंग्लंड टाका. मी हौशी खेळाडूच आहे, पण गॅम्बिट खेळण्यात आणि नव्या मुलांना ते शिकवण्यात बरीच वर्षं गेली आहेत. त्यामुळे कारणं जरा सविस्तर सांगतो.

आधी तुमचा डाव घेऊ, कारण सगळं मर्म त्यातच आहे. (आकड्यानंतर आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; नुसतं घराचं नाव म्हणजे प्याद्याची चाल; आकड्यापुढे तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल.) १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ उंट सी५ ४. बी४. काळ्याने प्यादं घेतलं, तुम्ही ५. सी३ खेळलात, उंट ए५वर गेला. ६. डी४ डी६ ७. कॅसलिंग (राजा कोपऱ्याकडे, हत्ती त्याच्या पलीकडे) आणि आता काळ्याने शांतपणे ७... उंट बी६ केलं. हा माजी जगज्जेत्या इमान्युएल लास्करचा बचाव. एका काळी इव्हान्सची चलती ज्या कारणांनी ओसरली, त्यातलं हे एक मोठं कारण. काळा इथे म्हणतोय, ‘तुझं प्यादं हवं तर परत घे.’ आणि तुम्ही घेतलंत: डी४च्या प्याद्याने ई५ मारलं, त्याने डी६ने परत मारलं, नवव्या चालीला वजीर कापले आणि दहाव्या चालीला घोड्याने ई५चं प्यादं उचललं. काळ्याने उंट ई६वर आणला.

आता पटाकडे बघा. दोन्हीकडे सहा-सहा प्यादी आहेत, म्हणजे हिशोब बरोबर. पण तुमची ए२ आणि सी३ ही दोन्ही प्यादी एकाकी आहेत, शेजारी आधाराला कुणी नाही. काळ्याची ए, बी, सी ही तिन्ही प्यादी जागेवर आणि धडधाकट. त्याचा बी६चा उंट लांबपर्यंत बघतो. आणि ज्या राजावर तुम्हाला हल्ला करायचा होता, तो पटाच्या मध्यभागी उभा आहे. वजीर गेल्यावर मध्यभागी असणं हा त्याचा फायदाच ठरतो. म्हणजे तुम्ही प्यादं देऊन जो वेळ आणि ज्या मोकळ्या रेषा विकत घेतल्या होत्या, त्या विकून तेच प्यादं परत घेतलंत. या व्यवहारात ए आणि सी रेषेवरच्या प्याद्यांचं नुकसान तेवढं तुमच्या पदरी उरलं. डाव तिथेच हरलेला होता असं मी म्हणणार नाही, पण तिथून पुढे खेळायला सोपा होता तो काळ्याला.

लास्करचा बचाव टाळायचा तर सातव्या चालीला कॅसलिंगऐवजी वजीर बी३ खेळा. एफ७वर उंट आणि वजीर दोघांचा मारा येतो. काळ्याला बहुतेक वेळा वजीर डी७वर आणावा लागतो, आणि तिथे तो स्वतःच्याच सी८च्या उंटाची वाट अडवतो. तुमचा वजीर पटावर राहतो, पुढे हत्ती डी१वर येऊन त्याच्या वजिराला त्रास देतो, ए३–एफ८ या तिरप्या रेषेवर तुमचा दुसरा उंट येऊ शकतो. प्यादं अजून त्याच्याकडेच असतं, पण खेळ तुमच्या हातात असतो.

यावरून मी कुठलाही गॅम्बिट धरण्याआधी दोन गोष्टी तपासतो. पहिली: समोरच्याला नेमकं उत्तर तोंडपाठ असेल, तर माझ्याकडे काय उरतं? दुसरी: वजीर पटावरून गेले, तर माझा मोबदला टिकतो का? पहिल्या तपासणीत जो नापास होतो तो गॅम्बिट मी खेळतच नाही. दुसऱ्या तपासणीत नापास झालेला चालतो, पण मग वजीर कापू द्यायचा नाही हे पक्कं लक्षात ठेवून खेळावं लागतं. इव्हान्स या दुसऱ्या प्रकारातला.

एंग्लंड पहिल्याच परीक्षेत पडतो. १. डी४ ई५ २. प्यादं ई५वर मारतो, घोडा सी६ ३. घोडा एफ३ वजीर ई७ ४. उंट एफ४ वजीर बी४ शह ५. उंट डी२, आणि वजीर बी२चं प्यादं मारतो. इथे पांढऱ्याने घाईत ६. उंट सी३ केलं की ६... उंट बी४, मग ७. वजीर डी२, उंटाने सी३चा उंट मारला, वजिराने परत मारलं आणि काळ्याचा वजीर सी१वर मात! तुमचे झटपट जिंकलेले बरेच डाव याच वाटेने गेले असणार. पण पांढरा सहाव्या चालीला साधा घोडा सी३वर आणतो, पुढे हत्ती बी१ने वजिराला हुसकावतो, आणि काळ्याकडे काय उरतं? वजीर पांढऱ्याच्या घरात भटकतोय, राजा मध्ये, बाकी बहुतेक मोहरे घरीच बसलेले. एका चालीची माहिती असलेल्या माणसासमोर तुमचं ओपनिंग (डावाची सुरुवात) कोसळतं. रेटिंग जसजसं वाढेल तसतशी ती चाल माहीत असलेली माणसं वाढत जातील आणि तुमची प्रगती त्याच ठिकाणी अडकेल.

काळ्याच्या स्टॅफर्ड गॅम्बिटचंही असंच. १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा एफ६ ३. घोड्याने ई५ मारलं, घोडा सी६ ४. घोड्याने घोडा मारला, डी७च्या प्याद्याने परत. पुढे ५. डी३ उंट सी५ ६. उंट जी५? घोड्याने ई४ मारलं! आता पांढऱ्याने वजीर उचलला तर उंट एफ२वर शह, राजा ई२, आणि उंट जी४ मात. फार देखणी मात आहे, एकदा तरी पटावर मांडून बघा. पण पांढऱ्याने सहाव्या चालीला उंट ई२वर ठेवला आणि डोकं शांत ठेवलं, तर काळ्याकडे प्याद्याची भरपाई म्हणावं असं फारसं काही राहत नाही. पाच-पाच मिनिटांच्या डावात मनमुराद खेळा. स्पर्धेत नको.

मग डी४समोर काय खेळायचं? तुमच्या खेळाची धाटणी बघता मी बुडापेस्ट गॅम्बिट सुचवेन. १. डी४ घोडा एफ६ २. सी४ ई५ ३. प्याद्याने ई५ मारलं, घोडा जी४. समजा ४. उंट एफ४ घोडा सी६ ५. घोडा एफ३ उंट बी४ शह ६. घोडा बी वरून डी२ वजीर ई७. ई५च्या प्याद्यावर आता घोडा, घोडा आणि वजीर असे तिघे लागलेत, पांढऱ्याला ते धरून ठेवणं अवघड जातं. ७. ए३ आणि काळा उंट न हलवता जी४च्या घोड्याने ई५चं प्यादं घेतो. पांढऱ्याने हावरेपणाने उंट मारला, तर घोडा डी३वर मात, कारण ई२चं प्यादं ई७च्या वजिरामुळे जखडलेलं आहे (ते हललं तर मागच्या राजाला शह बसतो). राजाच्या चहूबाजूंना त्याचीच माणसं, हलायला जागा नाही. सापळा आहेच. पण एंग्लंडपेक्षा फरक असा की सापळा हुकला तरी तुमचं काही बिघडत नाही. पांढरा नीट खेळला तर त्याला दोन उंटांचा आणि थोड्या जागेचा फायदा मिळतो, तुम्हाला तुमचं प्यादं परत आणि सगळे मोहरे बाहेर. असा डाव चार तास खेळता येतो.

दुसरा पर्याय बेन्को, ज्याला व्होल्गा गॅम्बिट असंही म्हणतात: १. डी४ घोडा एफ६ २. सी४ सी५ ३. डी५ बी५, मग बी५चं प्यादं दिलं, ए६ने आणखी एक बदली, आणि ए व बी या दोन्ही रेषा काळ्याच्या हत्तींसाठी मोकळ्या. उंट जी७वरून लांब तिरपा रोखलेला. हा गॅम्बिट खेळताना पहिल्यांदा थक्क व्हायला होतं, कारण राजावर हल्ला वगैरे काहीच नसतो. दोन हत्ती ए२ आणि बी२वर नजर ठेवून बसतात, पांढरा एकेका प्याद्याला राखत बसतो. वजीर कापले तरी हा दाब कमी होत नाही, कित्येकदा वाढतो. माझ्या दुसऱ्या परीक्षेत इतका चांगला उतरणारा गॅम्बिट मला दुसरा आठवत नाही. ज्याला प्यादं कमी असतानाही शांत बसायला शिकायचं आहे, त्याने वर्षभर बेन्को खेळावा. बुडापेस्ट काय आणि बेन्को काय, दोन्हीसाठी पांढऱ्याने सी४ खेळायला हवी, हे मात्र ध्यानात ठेवा. समोरचा २. घोडा एफ३ किंवा २. उंट एफ४ खेळला, तर एखादी साधी मांडणी हाताशी लागेलच.

आता तुमच्या मुख्य दुखण्याकडे येतो: ‘हल्ला ओसरतो आणि मग काय करावं कळत नाही.’ हे जवळजवळ प्रत्येक गॅम्बिटप्रेमीचं दुखणं आहे. मी हे बाराव्या चालीच्या आसपास होताना बघतो. पाठ केलेल्या चाली संपलेल्या असतात, समोरचा अजून उभा असतो, एक प्यादं कमी असल्याची टोचणी लागलेली असते. मग खेळाडू एक तर उंट एफ७वर फेकून देतो, नाही तर घाबरून मोहरे कापायला लागतो. दोन्हीच्या मुळाशी एकच समजूत आहे: प्यादं दिलं म्हणजे लगेच काहीतरी घडलं पाहिजे. तसं नसतं.

याचा सर्वांत चांगला धडा १९९५ साली लाटव्हियातल्या रीगामध्ये गॅरी कास्पारोव्ह (पांढरा) आणि विश्वनाथन आनंद यांच्यात झालेल्या डावात आहे. तोही इव्हान्सच. आनंदने पाचव्या चालीला उंट ई७वर नेला, ६. डी४ घोडा ए५, आणि कास्पारोव्हने हल्ल्याचा उंट सी४वरून मागे ई२वर घेतला. आक्रमक ओपनिंगमध्ये सातव्याच चालीला माघार! मग वजिराने डी४वर प्यादं मारून जी७वर नजर ठेवली, वजीर एच४, पुढे जी३ असा फिरवला. पंधराव्या चालीला उंट एच६वर, म्हणजे काळ्याला कॅसलिंग करता येऊ नये. आनंदने ई५चंही प्यादं घेतलं. आता पांढरा दोन प्यादी खाली होता. अशा वेळी आपल्यापैकी बहुतेकांनी शह शोधायला सुरुवात केली असती. कास्पारोव्हने घोडे कापले आणि सतराव्या चालीला आपला घरी बसलेला घोडा सी३वर आणला. बस्स. दोन प्यादी कमी, आणि चाल कुठली, तर मागे राहिलेला मोहरा बाहेर काढायची. अठराव्या चालीला सी५, आणि रेषा उघडल्या. काळ्याचा राजा तोवर ई८वरच होता. पंचविसाव्या चालीला आनंदने डाव सोडला.

सतराव्या चालीची ती स्थिती पटावर मांडा आणि पंधरा मिनिटं नुसती बघत बसा. स्वतःच्या डावात बारावी चाल आली की मी तेच करतो: माझे किती मोहरे बाहेर, त्याचे किती, त्याचा राजा कुठे, कुठली रेषा उघडी आहे किंवा उघडता येईल. त्याचा राजा अजून मध्ये असेल तर रेषा उघडायची, त्यासाठी आणखी एक प्यादं गेलं तरी चालेल. त्याने कॅसलिंग केलं असेल आणि माझा एखादा मोहरा घरी असेल, तर तो मोहरा आधी. मोहरे मोजताना जुना ठोकताळा वापरतो: तीन चालींची आघाडी म्हणजे साधारण एक प्यादं. आघाडी एकाच चालीची उरली असेल, तर प्यादं परत मिळवायची वाट शोधायची वेळ झाली.

सरावासाठी एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. गॅम्बिटचे सापळे पाठ करण्याऐवजी, काळ्याने सगळं बरोबर केल्यावर येणारी बाराव्या-तेराव्या चालीची स्थिती मांडायची आणि मित्राबरोबर तिथून डाव सुरू करायचा. एकदा पांढऱ्याने, एकदा काळ्याने. सुरुवातीला पांढऱ्याने खेळताना चाचपडल्यासारखं होतं. काही आठवड्यांनी हात बसतो आणि मग स्पर्धेत तीच स्थिती आली की घरी आल्यासारखं वाटतं.

सिसिलियनसमोर (ई४ला काळ्याचं सी५ हे उत्तर) मॉरा गॅम्बिट घ्यावा का, असंही तुम्ही विचारलंय. घ्या. १. ई४ सी५ २. डी४ आणि नंतर ३. सी३. प्यादं दिल्यावर तुमच्या चाली जवळजवळ ठरलेल्या असतात: घोडे सी३ व एफ३, उंट सी४, कॅसलिंग, वजीर ई२, एक हत्ती डी१, दुसरा सी१. सी४चा उंट बी३वर सरकवलात, काळ्याचा वजीर सी७वर, घोडा सी६वर आणि राजा अजून ई८वर असेल, तर घोडा डी५वर टाकायची संधी कायम डोक्यात ठेवा. ई६च्या प्याद्याने घोडा मारला आणि तुम्ही ई४च्या प्याद्याने परत मारलंत की एकाच चालीत सी आणि ई या दोन्ही रेषा उघडतात: सी६चा घोडा वजिरासमोर जखडतो, ई रेषेवर तुमचा वजीर राजाकडे रोखलेला. ही कल्पना एकदा हाताखालून गेली की मॉरा कळला. मात्र बरेच जण प्यादं न घेता ३... घोडा एफ६ खेळतात, त्याची तयारी ठेवा. तसंच इव्हान्सचं: तिसऱ्या चालीला काळ्याने उंट सी५ऐवजी घोडा एफ६ केला तर बी४ येतच नाही. तिथे ४. डी४ आणि मग कॅसलिंग खेळा, तुमच्या स्वभावाला साजेसं आहे.

किंग्ज गॅम्बिटबद्दल (१. ई४ ई५ २. एफ४) माझं मत जरा वेगळं आहे. तो सुंदर आहे. ‘अमर डाव’ म्हणून प्रसिद्ध असलेला १८५१चा अँडरसन–किझेरित्झ्की डाव त्यातूनच आला. स्पास्कीकडून १९६० साली अर्जेंटिनातल्या मार देल प्लाटाला त्यात हरल्यावर फिशरने (दोघेही पुढे जगज्जेते झाले) पुढच्याच वर्षी लेख लिहून तो गॅम्बिट मोडीत काढल्याचं जाहीर केलं, उपाय सांगितला ३... डी६, आणि नंतर स्वतः पांढऱ्याकडून तोच खेळला, फक्त ३. घोडा एफ३ऐवजी ३. उंट सी४ने. पण एफ४ने तुमचाच राजा उघडा पडतो. साधं २... उंट सी५ आल्यावर ई५चं प्यादं मारलं तर वजीर एच४ शह आणि हत्ती तरी जातो, राजा ई२वर गेला तर मातच. हिशोब करण्यात हात चांगला बसेपर्यंत थांबा.

समोरचा तुमच्यावर गॅम्बिट खेळला तर? प्यादं घ्या. आणि परत देण्याची वेळ ओळखा. डॅनिश गॅम्बिटमध्ये (१. ई४ ई५ २. डी४, मग ३. सी३ आणि ४. उंट सी४) पांढरा दोन प्यादी देऊन दोन्ही उंट मोकळे करतो. काळ्याने दोन्ही घेतली, आणि पाचव्या चालीला डी५, उंटाने मारलं की घोडा एफ६. पांढऱ्याने उंट एफ७वर मारून शह दिला, राजाने उंट घेतला, पांढऱ्याने वजीर उचलला, पण उंट बी४ शह येतो आणि वजीर परत मिळतो. धूळ खाली बसल्यावर मोजा: दोन्हीकडे पाच-पाच प्यादी, मोहरे सारखे, हल्ला संपलेला. गॅम्बिट खेळणाऱ्याने ही बाजू खेळून बघितलीच पाहिजे. आपल्याला सर्वांत नकोसं उत्तर कोणतं, ते तिथे कळतं.

तुमच्या प्रशिक्षकांच्या म्हणण्यातली एक गोष्ट मात्र मी उचलून धरेन: एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) शिका, तोही एक प्यादं खाली असलेला. गॅम्बिटवाल्याला त्याची गरज इतरांपेक्षा जास्त. सगळ्यांत आधी हत्तींचा. प्यादी सगळी एकाच बाजूला, त्याची चार आणि तुमची तीन, दोघांकडे एकेक हत्ती, असं असेल तर नीट बचाव केल्यास ती बहुतेक वेळा बरोबरी असते. म्हणजे हल्ला फसला तर वजिराच्या बाजूची प्यादी कापून टाकायची आणि या स्थितीकडे जायचं. पांढरे असाल तर प्यादी एफ२, जी३ आणि एच४ अशी ठेवा. त्यातली एच४ ही चाल काळ्याने जी५ ढकलायच्या आधी झाली पाहिजे.